फ्लोराइटचे तीन तुकडे: नऊ महिने वर्गात वापरून

गेल्या ऑक्टोबरात एका खनिज प्रदर्शनातून फ्लोराइटचे तीन तुकडे घेतले. जांभळ्या घनांचा एक झुबका, एक हिरवा अष्टफलक आणि एक पिवळसर ओबडधोबड दगड. तिन्ही मिळून ९५० रुपये. मी नववीला विज्ञान शिकवते. तेव्हापासून हे तुकडे शेकडो हातांतून फिरलेत.

हातात घेतल्यावर मुलं पहिल्यांदा हेच म्हणतात, “मॅडम, काचेसारखा दिसतो, पण केवढा जड!” पिवळा दगड स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ८६ ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दगड दोऱ्याने पाण्यात बुडवला, तळाला टेकू दिला नाही. काटा २७ वर थांबला. म्हणजे दगडाने बाजूला सारलेलं पाणी २७ ग्रॅम. ८६ भागिले २७, म्हणजे दगड तेवढ्याच जागेतल्या पाण्याच्या ३.१९ पटीच्या आसपास जड. पुस्तकात ३.१८ दिलंय. फळ्यावर भागाकार करणाऱ्या मुलीने तो तीनदा तपासला, तिला खरंच वाटेना.

खनिजांची कठिनता १ ते १० अशी मोजणाऱ्या मोह्सच्या श्रेणीत हा ४ वर. फ्लोराइटने कॅल्साइट या मऊ खनिजावर ओरखडा निघतो, पोलादी सुरीने फ्लोराइटवर. म्हणूनच याची अंगठी घेऊ नका, रोजच्या वापरात टिकणार नाही.

जानेवारीत जांभळा झुबका बाकावरून फरशीवर पडला आणि एका घनाचा कोपरा उडाला. मला फार वाईट वाटलं. पण उडालेल्या जागी खडबडीत काहीच नव्हतं. तिन्ही बाजू सारख्या असलेला, आरशासारखा चकचकीत त्रिकोण होता. फ्लोराइट चार ठरावीक दिशांना सपाट फुटतो. घनाचे आठही कोपरे असे उडवत गेलं की आत अष्टफलक उरतो. पुस्तकातली ‘पाटन’ ही संज्ञा मी कित्येक वर्षं पाठ करून घेत होते, त्या दिवशी ती मुलांनी बोट फिरवून पाहिली.

हिरव्या तुकड्याचं खरंही तेव्हाच समजलं. विक्रेत्याने तो ‘खाणीतून असाच निघालेला स्फटिक’ म्हणून दिला होता. बाजारात मिळणारे असे गुळगुळीत अष्टफलक बहुतेक फोडून काढलेले असतात. त्यात कमीपणा काही नाही, पण तसं सांगून विकायला हवं.

अतिनील टॉर्च घेणार असाल तर ३६५ नॅनोमीटरचाच घ्या. नोटा तपासायच्या स्वस्त टॉर्चचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पसरतो की काही दिसत नाही. चांगल्या टॉर्चखाली झुबका निळा उजळला, हिरवा मात्र ढिम्म. किंचित युरोपियम हे मूलद्रव्य मिसळलेलं असलं की अशी निळी चमक येते. प्रत्येक फ्लोराइट चमकेलच असं नाही. शास्त्रज्ञ स्टोक्सने १८५२ मध्ये अशा चमकेसाठी ‘फ्लुओरेसन्स’ हा शब्द याच खनिजाच्या नावावरून बनवला. खनिजाचं नाव लॅटिनमधल्या ‘वाहणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलंय, कारण ते घातलं की भट्टीतली मळी पातळ होऊन वाहते. एका मुलाचे वडील फाउंड्रीत आहेत. त्यांच्याकडे ‘फ्लोरस्पार’, म्हणजे हेच खनिज, पोत्यांनी येतं. घरी रोज ऐकलेला शब्द वर्गात भेटल्यावर तो मुलगा पुढच्या बाकावर येऊन बसला.

कॅननने १९६९ मध्ये कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये कृत्रिम फ्लोराइट बसवलं. यातून जाताना वेगवेगळे रंग फारसे फाकत नाहीत, त्यामुळे चित्राच्या कडेला रंगीत झालर कमी दिसते. हे मात्र माझ्या तुकड्यांवर दाखवता येत नाही, त्यांच्यात भेगा फार आहेत.

दोन गोष्टी कळकळीने सांगते. कॅल्साइटसारखी आम्ल टाकून परीक्षा याच्यावर करू नका. तीव्र सल्फ्युरिक आम्लाने यातून हायड्रोजन फ्लोराइड सुटतो आणि तो अतिशय घातक असतो. आणि धुवायला गरम पाणी नको, एकदम तापमान बदललं की तडा जातो. कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरतो.

आता सिन्नरजवळच्या महोदरीचा, क्वार्ट्झवर फ्लोराइटचे पिवळे गोळे असलेला नमुना घ्यायचाय, त्यासाठी पैसे साठवतेय. उडालेला कोपरा काडेपेटीत कापसात ठेवलाय. जूनमध्ये आलेल्या नव्या मुलांना सगळ्यात आधी तोच दाखवला.