नागपूरच्या सदर भागातील एक घरगुती केटरिंग सेवा: नातीच्या बाप्तिस्म्याचे जेवण

मागील महिन्यात नातीच्या बाप्तिस्म्यानिमित्त साठ माणसांचे जेवण आम्ही सदरमधील एका घरगुती केटरिंग सेवेकडे सोपवले होते. एक ताई आपल्या दोन जावांसह ही सेवा चालवतात. सावजी चिकन, पाटवडी रस्सा, पोळ्या, भात आणि गुलाबजाम अशा ताटाचा दर ३४० रुपये ठरला. उपासना अकराला, केक साडेबाराला आणि पंगत एकला, असे वेळापत्रक मी स्वतः लिहून त्यांना दिले होते.

उपासना संपत आली असतानाच आमच्या चर्चच्या मंडळीतील एक वृद्ध गृहस्थ वारल्याची बातमी आली आणि पाळकांसह (चर्चच्या धर्मगुरूंसह) निम्मे पाहुणे थेट जरीपटक्याला त्यांच्या घरी गेले. मला वाईट वाटले, परंतु त्याआधी क्षणभर रागही आला, हे कबूल केले पाहिजे. बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात, मरणोन्मुख मुलीसाठी येशूला घेऊन निघालेल्या याईराच्या वाटेत बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री येते, आणि येशू तिच्यासाठी थांबतो. हा उतारा मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मात्र आजवर मी नेहमी त्या स्त्रीच्या बाजूने ऐकला. त्या दुपारी प्रथमच मी याईराच्या जागी उभी होते. त्याची मुलगी मरणाच्या दारात होती, माझा तर केवळ केक खोळंबला होता.

ताईंना कळवायला गेले तेव्हा त्यांनी शेगडी आधीच मंद केली होती. त्या म्हणाल्या, "काकू, त्या घरी आज चूल पेटणार नाही. तिथे सावजी चालायचं नाही, पंचवीस माणसांपुरता साधा वरण-भात टाकू का?" मला हे सुचले नव्हते. तासाभरात त्यांच्या धाकट्या जाऊबाई डबे घेऊन ऑटोने जरीपटक्याला पोहोचल्या. आमची पंगत चार वाजता बसली. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका केटररने ठरलेली वेळ उलटताच गंज गाडीत चढवले होते, त्यामुळे हा फरक मला विशेष जाणवला. वरण-भाताचे त्यांनी फक्त डाळ-तांदळाचे पैसे घेतले आणि थांबल्याचे काहीही मागितले नाही. वाढणाऱ्या मुलांना तीन तासांची जादा मजुरी मात्र आम्ही आग्रहाने दिली, कारण त्यांचा वेळ फुकट धरणे योग्य नव्हते.

आता जेवणाविषयी. चिकनचा मसाला ताजा वाटलेला होता आणि तर्री तिखट असूनही घशाला लागत नव्हती. पुन्हा गरम केल्याने पाटवडी रस्सा दाटला आणि काही वड्या फुटल्या. पोळ्या चिवट झाल्या होत्या. थांबायचे ठरल्यावर उरलेली कणीक झाकून ठेवून ऐनवेळी लाटली असती, तर हे टळले असते, असे मी ताईंना सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. गुलाबजाम मला अती गोड वाटले. लहान मुले असल्यास कमी तिखटाचा रस्सा वेगळा सांगावा लागतो.

ईस्टरच्या जेवणासाठी आम्ही त्यांनाच सांगितले आहे. या वेळी कागदावर फक्त माणसांची संख्या लिहून दिली आहे, आणि वेळेपुढे बायबलमधील याकोबाच्या पत्रातले शब्द: "प्रभूची इच्छा असेल तर".