ग्रीस ट्रॅपची सफाई आणि वापरलेल्या तेलाची उचल: जोडसेवेचं परीक्षण

रेस्टॉरंटच्या ग्रीस ट्रॅपची, म्हणजे स्वयंपाकघराच्या सांडपाण्यातली चरबी गटारात जाण्याआधी अडवणाऱ्या टाकीची, सफाई आणि वापरलेल्या तळणाच्या तेलाची उचल हल्ली एकाच कंत्राटात मिळते. सोय आहे, यात वाद नाही. पण वापरलेल्या तेलाला भाव असतो, तर ट्रॅपमधल्या गाळाची विल्हेवाट लावायला कंत्राटदाराच्याच खिशातून पैसे जातात. त्यामुळे तेलाची गाडी सहसा वेळ चुकवत नाही, आणि हात आखडला जातो तो गाळ काढताना. सेवा पारखायची ती तिथेच.

ट्रॅपमध्ये तीन थर असतात: वर तेलाचा तवंग, मध्ये पाणी, तळाशी अन्नाचे कण आणि गाळ. चांगला माणूस झाकण उघडल्यावर आधी काठी घालून माप घेतो. तवंग आणि गाळ मिळून एकूण खोलीच्या पाव भागाला पोहोचले की सफाई हवीच. एकूण खोली 80 सेंटीमीटर असेल, तवंग 12 आणि गाळ 8 भरला, तर ती वेळ आली. त्यापुढे पाण्याला ट्रॅपमध्ये थांबायला जागाच उरत नाही. चरबी वर तरंगायच्या आतच ती पाण्याबरोबर पुढच्या पाईपात जाते आणि तिथे थंड होऊन थिजते. म्हणून 'दर तीन महिन्यांनी' असं छापील वेळापत्रक देणाऱ्यापेक्षा पहिल्या काही फेऱ्यांची मापं पाहून अंतर ठरवणारा बरा.

कामचुकारपणाचा नेहमीचा प्रकार म्हणजे वरचा तवंग ओढून झाकण बंद करणं. दिसायला स्वच्छ, पण तळाचा गाळ तसाच कुजतो. त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि तो लोखंड आणि काँक्रीट दोन्ही खातो. दुसरा प्रकार, टँकरमध्ये जागा वाचवायला उपसलेलं पाणी परत ट्रॅपमध्ये सोडणं. त्याबरोबर चरबीही परत येते. पूर्ण उपसा, भिंती आणि आडव्या पडद्या खरवडणं, पाणी आत-बाहेर नेणाऱ्या टी-नळ्या (T आकाराच्या नळ्या) मोकळ्या करणं, झाकणाचं रबर तपासणं, एवढं झालं तर काम झालं. शेवटी ट्रॅप स्वच्छ पाण्याने पूर्ण पातळीपर्यंत भरायलाच हवा. हे बरेच जण विसरतात. रिकाम्या ट्रॅपमध्ये बाहेरच्या नळीचं तोंड पाण्याखाली नसतं आणि गटाराचा वायू सरळ स्वयंपाकघरात चढतो.

चरबी विरघळवणारं द्रव्य जोडीला विकायला आले तर नाही म्हणा. विरघळलेली चरबी नाहीशी होत नाही, पुढे जाऊन जमते. उकळतं पाणी ओतण्याचंही तेच. आणि जमिनीखालच्या मोठ्या ट्रॅपमध्ये माणूस उतरवणारी सेवा कितीही स्वस्त असो, नकोच. गाळातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाक बधिर होतं, वास येणंच थांबतं. त्यामुळे 'आता वास नाही' याचा अर्थ धोका टळला असा होत नाही.

तेलाची बाजू तुलनेने सरळ. तेल 50 अंशांखाली उतरल्यावर गाळून झाकणाच्या, कुलूप लागणाऱ्या ड्रममध्ये भरायचं. पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि ट्रॅपमधली चरबी तर चुकूनही नाही. बायोडिझेल करताना तेलात मिथेनॉल आणि अल्कली घालतात. पाणी किंवा मुक्त मेदाम्लं (तेल खराब होताना त्यातून सुटणारी आम्लं) जास्त असली की साबण होतो आणि उतारा घटतो. भाव पडतो तो त्यामुळे. ट्रॅपची चरबी आंबट, पाणचट असते, तिचा मार्गच वेगळा.

मोजणीत घोळ होतो तो लिटर आणि किलोचा. एक लिटर तेल साधारण 0.92 किलो भरतं, म्हणजे 50 लिटरचा भरलेला कॅन 46 किलोंच्या आसपास. दर कशावर आहे ते आधी ठरवा आणि वजन काट्यावर समोर करून घ्या. पावतीवर तेल कुठल्या प्रक्रिया केंद्राकडे गेलं आणि गाळ कुठे रिकामा केला, दोन्ही लिहिलेलं हवं. तेलाबद्दल मोघम बोलणारा कंत्राटदार टाळलेलाच बरा, कारण असं तेल पुन्हा खाण्यात येण्याची वाट तिथूनच निघते.

फेरी पहाटे, चूल पेटण्याआधी ठेवा. तवंग थंड आणि घट्ट असतो, माप बरोबर येतं, आणि वास जायला वेळ मिळतो.