गोबरगॅस, सिलिंडर की चूल: आधी दावण बघा

गोबरगॅस बांधू का, असं सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला-मंगळवेढ्याकडच्या कुणी विचारलं की माझे दोन उलट प्रश्न ठरलेले. दावणीला जनावरं किती? आणि मे महिन्यात पाणी कुठून आणता? अनुदानाचं नंतर बघू.

दिवसाला दोन घनमीटर गॅस देणाऱ्या घरगुती टाकीला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं आणि साधारण तेवढंच पाणी. एका मोठ्या जनावराचं दिवसाचं शेण धरा १० किलो. म्हणजे चार-पाच जनावरं हवीत, तीही बांधलेली, कारण दिवसभर चरायला जाणाऱ्या गाईचं निम्मं शेण माळावरच पडतं. टाकी नीट चालली तर महिन्याला १४.२ किलोच्या पावणेदोन सिलिंडरइतका गॅस मिळतो. पाच-सहा माणसांचा स्वयंपाक आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा चहा त्यात आरामात होतो.

खरा फायदा मात्र टाकीच्या दुसऱ्या तोंडाला असतो. शेणातला गॅस जळतो, पण नत्र स्लरीत, म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या शेणकाल्यात, शिल्लक राहतं आणि ती शेतात जाते. त्याच शेणाच्या गवऱ्या थापल्या तर खत चुलीत गेलं. अर्थात स्लरी पातळ असते, लांब वाहून न्यायची म्हणजे ताप. त्यामुळं शेतात वस्ती करून राहणाऱ्याला, त्यातही घराशेजारीच डाळिंब असणाऱ्याला, गोबरगॅस फळतो. गावठाणात घर आणि दोन कोसांवर रान असेल तर मी आग्रह करणार नाही.

आता अडचणी. पहिल्यांदा टाकी भरायलाच दीड-दोन टन शेण लागतं, आणि गॅस धरायला काही आठवडे जातात. सुरुवातीचा गॅस पेटवायचा नाही, त्यात हवा मिसळलेली असते. तो सोडून द्यायचा. शेगडी गोबरगॅसचीच घ्या, सिलिंडरची चालत नाही. पाइपात पाणी साचलं की ज्योत फडफडते, तेव्हा पाणी काढायचा कॉक बसवलाय ना ते बांधतानाच बघा.

दुष्काळाचं काय? २०१८-१९ ला जिल्ह्यात चारा छावण्या उघडल्या होत्या. जनावरं छावणीत गेली की शेणही छावणीत, आणि टाकी उपाशी. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरात रोज चार-पाच घागरी शेणात ओतणं कुणाच्या जिवावर येणार नाही? शिवाय रोज सकाळी शेणकाला कालवायचा कुणी, हे बांधायच्या आधी घरात बोलून घ्या. बहुतेक घरांत ते न बोलताच सुनेच्या अंगावर पडतं, आणि दोन वर्षांत टाकी बंद पडते.

सिलिंडरची बाजू सोपी आहे. धूर नाही, कालवाकालव नाही, पाणी नाही. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गोरगरिबांच्या घरीही जोडणी आली. पण जोडणी येणं वेगळं, दर वेळी भरून आणायला हातात रोकड असणं वेगळं. रोजंदारीवरच्या घरात सिलिंडर चहापुरता आणि भाकरी चुलीवर, हे चित्र अजून दिसतं. जनावरं नसतील, किंवा घर ऊसतोडीला सहा महिने बाहेर असेल, तर मात्र सिलिंडरशिवाय दुसरा विचारच नको.

चूल फुकट वाटते. तुराट्या घरच्या, वेडी बाभळ बांधावरची. पण जळण तोडायला जाणारा वेळ आणि बंद माळवदाच्या घरात कोंडणारा धूर यांची किंमत घरातल्या बाया मोजतात. तरी चूल मोडून टाका असं मी सोलापुरात म्हणणार नाही. ज्वारीची कडक भाकरी करायची तर ती मंद आरावर सावकाश वाळत जावी लागते. गॅसवर कडा करपतात आणि मध्ये मऊ राहते. अशा भाकरीसाठी आणि आंघोळीच्या पाण्यासाठी चूल अंगणात, उघड्यावर ठेवा. बंद खोलीत नको.

म्हणून माझं मत असं: चार-पाच बांधलेली जनावरं, बारमाही विहीर किंवा बोअर आणि जवळ रान, हे तिन्ही असेल तर गोबरगॅस बांधा आणि छावणीच्या वर्षासाठी एक सिलिंडर ठेवा. यातलं एक जरी नसलं तर सिलिंडरच मुख्य धरा, शेण उकिरड्यात नीट कुजवा.

बांधायचं ठरलं तर अनुदानाची चौकशी पंचायत समितीत करा. गवंडी मात्र स्वतः निवडा, कारण टाकीच्या घुमटाला चीर राहिली की गॅस टिकत नाही. त्यानं चार-पाच वर्षांपूर्वी बांधलेली टाकी कुठं आहे ते विचारा आणि तिथं सकाळी, स्वयंपाकाच्या वेळेला जा.