संमतीच्या घटस्फोटाचं ‘पॅकेज’: पैसे नेमके कशाचे?

परस्पर संमतीने वेगळं व्हायचं ठरलं की पहिला शोध मोबाइलवर होतो, आणि समोर येतात ती ठरावीक रकमेची पॅकेजं: कागदपत्रं व्हॉट्सअ‍ॅप करा, दोनदा कोर्टात या, निकाल घरपोच. हे परीक्षण कुठल्या एका वेबसाइटचं नाही, या प्रकारच्या सेवेचं आहे. अर्ज तयार करून दाखल करण्याचं काम त्यात बऱ्यापैकी होतं. ज्यासाठी खरं तर वकील करायचा, त्या ‘कन्सेंट टर्म्स’ (दोघांनी कबूल केलेल्या लेखी अटी) मात्र अनेकदा साच्यातून काढलेल्या असतात.

आधी मुदतीचं बघू. ‘महिन्याभरात घटस्फोट’ ही जाहिरात सरसकट खरी नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात हे सहा महिने माफ करता येतील असं सांगितलं, पण त्याला अटी आहेत: अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं, समेटाचे प्रयत्न फसलेले, पोटगी आणि मुलांच्या ताब्याचा प्रश्न खरोखर मिटलेला. चौदा महिने वेगळं राहिलेल्या जोडप्याला कुणी माफीची हमी देत असेल, तर ती हमी त्याच्या हातातली नाही. एकाच फ्लॅटमध्ये राहूनही कायद्याच्या अर्थाने ‘वेगळं’ असता येतं. मात्र नवरा-बायको म्हणून राहणं कधी थांबलं, ते अर्जात स्पष्ट लिहायला हवं.

कागदपत्रांत अडतं ते नावावर. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर (नमुना ई) माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग. अर्जाच्या शीर्षकातच दोन्ही नावं घातली नाहीत, तर निकालानंतर पासपोर्ट आणि बँकेत हेलपाटे ठरलेले.

आता कन्सेंट टर्म्स. साच्यातलं वाक्य असं असतं: ‘पती पत्नीस ठरलेली रक्कम अदा करेल.’ कधी, कशाने, किती हप्त्यांत, काहीच नाही. निकाल होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलंय. म्हणून काही रक्कम अर्ज दाखल करताना आणि उरलेली शेवटच्या तारखेला न्यायाधीशांसमोर डिमांड ड्राफ्टने, असं तारखेसह लिहिणं दोघांच्याही सोयीचं. स्त्रीधनाची यादी वस्तूनिहाय आणि वजनासह जोडावी; ‘सर्व दागिने परत मिळाले’ या ओळीवर पुढे भांडणं होतात.

दुसरं घातक वाक्य: ‘सर्व केसेस मागे घेतल्या जातील.’ घरगुती हिंसाचार कायद्याखालचा अर्ज मागे घेता येतो. पत्नीच्या छळाचा, म्हणजे दंड संहितेच्या ४९८-अ चा (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) गुन्हा असा मागे घेता येत नाही, तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं आणि तिथे पत्नीचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. ते कधी देणार, खर्च कुणाचा, हे टर्म्समध्येच हवं. हे काम पॅकेजात धरलेलं आहे का, तेही आधीच विचारा.

मुलांबाबत ‘ताबा आईकडे, वडिलांना भेटीचा हक्क’ एवढंच लिहिणं म्हणजे पुढच्या भांडणाची तयारी. कुठले शनिवार, कुठून न्यायचं, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, पासपोर्टच्या सह्या, दरवर्षी वाढणारी शाळेची फी, सगळं उतरवा. ‘मुलासाठी कधीच काही मागणार नाही’ असं आईने लिहून दिलं, तरी मुलाचा पोटगीचा हक्क त्याने संपत नाही. आणि जोडनावाच्या फ्लॅटवर कर्ज असेल, तर तुमच्या टर्म्स बँकेवर बंधनकारक नाहीत. हक्कसोडपत्र, मुद्रांक, बँकेची संमती हे वेगळं प्रकरण आहे.

‘फक्त दोनदा या’ हेही बेतानेच घ्यावं. कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक दोघांना बोलावतात, संमती दबावाखाली दिलेली नाही ना ते बघतात. ती फेरी वेगळी पडू शकते. एक जण परदेशात असेल, तर कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मोकळा केला आहे. मुखत्यारपत्र भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायला मात्र विसरू नका.

पैसे भरण्याआधी वकिलाचं नाव आणि सनद क्रमांक मागा. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे वेबसाइट ही मधली एजन्सी असते आणि वकीलपत्रावर सही करणारा माणूस वेगळाच. दोघांचा मिळून एकच वकील असेल, तर टर्म्स दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्याव्यात. मिळणाऱ्या पोटगीत टक्का मागणारा वकील सरळ टाळावा, नियमाला ते मान्य नाही. ‘कोर्टखर्च’ म्हणून मोठा आकडा दिसला तर पावती मागा. या अर्जाची कोर्ट फी किरकोळ असते. आणि पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीसमोर ‘घटस्फोटनामा’ करून देणाऱ्याकडे फिरकूच नका. त्या कागदावर दुसरं लग्न केलं, तर तो गुन्हा ठरू शकतो.

बायकांनी पॅकेजाआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं दार वाजवावं. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो, हेल्पलाइन १५१००. वकील प्राधिकरण नेमून देतं, आपल्या पसंतीचाच मिळेल असं नाही, हा तोटा आहे. पण ज्या प्रकरणात दोघांचं सगळं ठरलेलं आहे, तिथे पॅकेजापेक्षा ही सेवा आम्ही वर ठेवू.

अर्ज दाखल झाला की सीएनआर नंबर (खटल्याचा अक्षरं आणि अंक मिळून सोळा खुणांचा ओळख क्रमांक) लगेच मागून घ्या आणि ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये टाका, म्हणजे तारखेसाठी एजन्सीच्या फोनवर विसंबावं लागत नाही. ‘निकाल घरपोच’ म्हणजे झेरॉक्स की कोर्टाची प्रमाणित नक्कल, हेही लेखी घ्या. नकला निदान दोन काढाव्यात.