ऑरिक्स की अ‍ॅडॅक्स: दोन्ही पाळून झाल्यावर

सहारा वाळवंटाच्या पट्ट्यातल्या हरणासारख्या दोन प्राण्यांपैकी पाळायला सिमिटर ऑरिक्स घ्यावा की अ‍ॅडॅक्स, असं विचारणारा माणूस बहुधा निम्मा निर्णय करूनच आलेला असतो. त्याने ऑरिक्स पाहिलेला असतो. दुधासारखं अंग, तांबूस मान आणि पाठीवर रेललेली हातभरापेक्षा लांब शिंगं. त्याच्याशेजारी अ‍ॅडॅक्स उभा केला तर तो बुटका, जाडसर आणि जरा झोपाळूच दिसतो. मीही ऑरिक्सवर भाळूनच या नादाला लागलो होतो. सात वर्षं दोन्ही कळप एकाच कुंपणाच्या अल्याड-पल्याड सांभाळले. आज माझ्याकडे त्यातला एकच आहे.

परवाने, जागा, उंच कुंपण आणि वन्यप्राण्यांना हात लावलेला पशुवैद्य, एवढं तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. दोन्ही प्राणी साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे कागदपत्रांच्या त्रासात डावं-उजवं करण्यासारखं फार नाही. गाभणकाळही साधारण सारखाच, साडेआठ महिन्यांच्या आसपास, आणि एका वेळी एकच पाडस. दोन्हींच्या माद्यांना शिंगं असतात. नवीन माणूस हे ऐकून मान डोलावतो आणि विसरतो. मग एक दिवस मादीच त्याला पुन्हा आठवण करून देते.

आधी ऑरिक्सची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. हा प्राणी काटक आहे. वैरणीचे नखरे नाहीत, वीण सहज होते आणि नव्या जागी लवकर रुळतो. खाजगी माणसांनी याची पैदास किती वाढवली, याचा दाखला टेक्सासमध्ये आहे. तिथल्या खाजगी कुरणांच्या संघटनेने २०१० मध्ये केलेल्या मोजणीत सुमारे अकरा हजार ऑरिक्स भरले, अ‍ॅडॅक्स पाच हजारांच्या थोडे वर आणि त्याच भागातलं आणखी एक हरण, डामा गझेल, नऊशेच्या आत. हे तीन आकडे एकापुढे एक ठेवले की कोणता प्राणी माणसाच्या हाताखाली किती सहज वाढतो याचा अंदाज येतो. (डामा गझेलबद्दलही लोक विचारतात. नाजूक हाड, माथेफिरू नर आणि गारठ्यात पटकन मान टाकणारी पाडसं. पहिल्या खेपेला नकोच.)

शिवाय ऑरिक्सच्या मागे एक चांगली गोष्ट आहे. २००० साली हा प्राणी आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत रानातून नामशेष म्हणून नोंदवला गेला. उरले ते फक्त कुंपणातले, आणि त्यांचा बराचसा वंश १९६० च्या दशकात चाडमध्ये पकडलेल्या मोजक्या जनावरांवर उभा आहे. त्याच कुंपणातल्या प्राण्यांचे वंशज २०१६ मध्ये चाडच्या वादी रिमे–वादी आशिम अभयारण्यात सोडले, ते तिथे टिकले, व्यायले, आणि २०२३ मध्ये नोंद बदलून ‘धोक्यात’ अशी झाली. नोंद खालच्या पायरीवर जाण्याच्या बातम्याच आपण जास्त वाचतो, तिथे हा प्राणी दोन पायऱ्या वर आला. ऑरिक्स पाळणाऱ्याला याचं अप्रूप वाटणारच.

अ‍ॅडॅक्सची गोष्ट अजून तिथवर आलेली नाही. नायजरमधल्या तेर्मित आणि तिन-तुमा अभयारण्यात २०१६ च्या पाहणीत सगळी मिळून तीन जनावरं दिसली होती. चाडमध्ये त्यांनाही सोडायला सुरुवात झाली आहे, पण रानातली संख्या अजून फारच थोडी म्हणायची. प्राण्याची गरज बघून निवड करायची असेल तर वाद इथेच मिटतो. पण गरज बघून प्राणी घेणारे कमी आणि झेपेल का हे बघून घेणारे जास्त. त्यात चूक काही नाही. न झेपणारा दुर्मिळ प्राणी घेण्यात कसलं पुण्य?

तर झेपण्याबद्दल. माझा निर्णय फिरला तो एका क्षुल्लक वस्तूमुळे. रबरी नळीचा वीतभर तुकडा.

ऑरिक्सची शिंगं जवळजवळ मीटरभर, कधी त्याहून लांब. ती मागे वळलेली असल्यामुळे समोरून आपण सुरक्षित आहोत असं वाटतं. प्रत्यक्षात तो मान खाली घालून ती पुढे आणतो आणि बाजूलाही फिरवतो. मोकळ्या कुरणात याचं काही वाटत नाही. पण जनावर फळ्यांच्या अरुंद गल्लीत घेऊन खोड्यात अडकवायचं असेल, रक्त घ्यायचं असेल, ट्रेलरमध्ये चढवायचं असेल, तर आधी प्रत्येक शिंगाच्या टोकावर जाड नळीचा तुकडा बसवून चिकटपट्टीने गुंडाळावा लागतो, नाहीतर शेजारचं जनावर भोसकलं जातं. दहा जनावरं म्हणजे वीस नळ्या. डोळ्यांवर फडकं टाकून, श्वास रोखून, एकेक बसवायची. अकराव्या मिनिटाला पहिली निसटलेली असते. त्यात ही शिंगं बारीक आणि ठिसूळ. दाराच्या चौकटीला हिसका बसला की टोक गेलंच. माझ्या कळपातल्या एका देखण्या मादीचं डावं शिंग असंच मुळापासून गेलं आणि पुढे येणारा प्रत्येक पाहुणा तिला बघून एकशिंग्याची तीच गंमत करायचा.

तुम्ही म्हणाल, नळी बसवायला लागते म्हणून कोणी प्राणी सोडतं का? पहिली दोन वर्षं मलाही तसंच वाटायचं.

गोम अशी की पैदास करायची तर नर हलवावाच लागतो, आणि तोही एकदा नाही. या दोन्ही जातींत मादी व्यायल्यावर काही दिवसांतच पुन्हा माजावर येते. नर कायम कळपात ठेवला तर पाडसं वर्षाच्या कुठल्याही महिन्यात पडतात. ज्यांच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पाऊस आणि गारठा एकत्र येतो त्यांनी उलटा हिशेब करून मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत नर बाजूला काढायला हवा. कोरडी थंडी दोघंही सोसतात, पण ओल्या थंडीत नवजात पाडूस टिकत नाही. म्हणजे वर्षाला दोनदा नर हलवणं आलं. त्याशिवाय दर दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या कळपातला नर आणायचा आणि आपला द्यायचा, कारण त्याच्या लेकी तोवर वयात आलेल्या असतात.

माझा ऑरिक्सचा नर तिसऱ्या वर्षी बदलायचा ठरला होता. नळ्या, खोडा, चार माणसं, पशुवैद्य, सगळ्यांची एक तारीख जुळवायची. एकदा पाऊस आला. एकदा पशुवैद्य अडकला. एकदा सगळं जुळलं, तर नराने चढताना ट्रेलरच्या छतावर असं शिंग हाणलं की त्या पत्र्याच्या आवाजाने तो गल्लीच्या फळीवर चढायला निघाला आणि आम्हीच दार उघडून दिलं. मग मी म्हटलं, पुढच्या हंगामात बघू. त्या ‘बघू’मध्ये दीड वर्ष गेलं. माझ्या वंशावळीच्या वहीत बाप आणि आजा एकच असलेली तीन पाडसं आहेत. दिसायला गोजिरवाणी, पैदाशीला निरुपयोगी. त्यांच्यापुढे लाल रेघ मारताना दोष माझाच होता हे मला पुरतं ठाऊक होतं. पण आळस करावासा वाटेल असं काम त्या प्राण्याने मला दिलं होतं, हेही खरंच.

कुंपणापलीकडे त्याच काळात अ‍ॅडॅक्सचा नर दोनदा बदलून झाला होता. दोन आठवडे ट्रेलर कुरणातच उभा ठेवला, खुराक त्यातच दिला, आणि ठरल्या दिवशी तो बादलीमागे चालत आत गेला. ऑरिक्सलाही तसं शिकवता येतं, असं अनुभवी लोक सांगतात. मीही शिकवलं. दोघं-तिघं शिकतातही. पण एकाचं शिंग पत्र्याला लागलं की पंधरा दिवसांची शिकवणी त्या एका आवाजात वाहून जाते. अ‍ॅडॅक्सची शिंगं आखूड, मळसूत्रासारखी पिळाची आणि वर जाणारी. नळ्या मी त्यांनाही बसवतो, पण फक्त लांबच्या प्रवासाला. शिवाय घाबरल्यावर तो आधी थांबून बघतो. आखूड पाय, पसरट खूर, जड अंग, असा वाळूत चालायला घडलेला प्राणी आहे, पळायला नव्हे. गाडीतून येणाऱ्या शिकाऱ्यांपुढे हेच त्याच्या मुळावर आलं. खोड्याच्या गल्लीत मात्र हा संथपणा सोन्यासारखा वाटतो. उधळलेलं जनावर पळून पळून स्नायू जाळून घेतं आणि दोन दिवसांनी मरतं, हे ज्याने एकदा पाहिलंय त्याला याची किंमत सांगावी लागत नाही.

तो गरीब आहे असा मात्र अर्थ काढू नका. माजावरच्या मादीजवळ असलेला अ‍ॅडॅक्सचा नर फाटकावर धावून येतो, आणि म्हाताऱ्या माद्यांची आपसात जी दादागिरी चालते ती बघायला मजा येते, वैरणीच्या जागा कमी ठेवल्या तर महागातही पडते. पिळाची शिंगं जाळीत अडकतात, हा त्यांचा खास उपद्रव. गवताच्या जाळीदार गव्हाणी मी पहिल्याच वर्षी काढून टाकल्या आणि सपाट कठड्याच्या लावल्या.

आता अ‍ॅडॅक्सविरुद्धची खरी तक्रार. जंत. कोरड्या वाळूत जंतांची अळी जगत नाही, त्यामुळे त्यांच्याशी झुंजायची सवयच या प्राण्यांच्या रक्तात नाही. ओलं, आखूड, तेच तेच चरलेलं गवत मिळालं की हिमॉन्कस हा रक्तपित्या जंत बघता बघता पोट भरतो. ऑरिक्सलाही होतो, पण माझ्या पाहण्यात अ‍ॅडॅक्स लवकर खचतो. जबड्याखाली पाणी उतरलेलं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दुसऱ्या पावसाळ्यात मी दोन तरुण माद्या अशा घालवल्या. औषध खुराकात मिसळलं की ते कळपातली दांडगी मादी खाते आणि आजारी पोर उपाशी राहतं. सरसकट तेच औषध देत राहिलं की जंत दाद देईनासे होतात. तेव्हापासून ओल्या महिन्यांत दर पंधरवड्याला लेंड्या तपासतो, कुरणाचे चार भाग करून फिरवतो आणि वैरण जमिनीवर कधीच टाकत नाही. काम कंटाळवाणं आहे. पण ते सकाळी एकट्याने, चहा पिता पिता करता येतं. त्यासाठी चार माणसांची तारीख जुळवावी लागत नाही.

बिल्ल्यांबद्दल एक. दोन्हींची पाडसं पहिले काही आठवडे गवतात दडून राहतात आणि आई लांब चरत असते. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात बिल्ला मारला तर आई कोण हे पक्कं राहतं, पुढे नुसता अंदाज. ऑरिक्सची आई मी वाकलेला बघून मागून आली ते मला गाडीच्या आरशात दिसलं, म्हणून आज लिहितोय. अ‍ॅडॅक्सची आई बहुतेकदा वीस पावलांवर उभी राहून फुरफुरते. बहुतेकदा. गाडीचं दार मी तिच्यासाठीही उघडंच ठेवतो.

जमीन सदा ओलसर असेल, कुरण मोठं असेल, हाताशी पक्का खोडा आणि माणसं असतील, किंवा प्राणी वारंवार हाताळायचाच नसेल, तर ऑरिक्स घ्या. तो तुम्हाला निराश करणार नाही, आणि माझ्यापेक्षा नीटनेटक्या माणसाकडे नर वेळेवर बदललाही जाईल. जमीन कोरडी आणि निचऱ्याची असेल, माणसं कमी असतील आणि वंशावळीची वही नीट लिहायची हौस असेल, तर अ‍ॅडॅक्सचा एक नर आणि चार-पाच माद्या घेऊन सुरुवात करावी, असं आपलं मला वाटतं. घेताना रंगावर जाऊ नका. तो उन्हाळ्यात पांढरा आणि हिवाळ्यात करडा-तपकिरी होतो, हिवाळ्यातलं जनावर मळकं दिसतं म्हणून नाकारणारे लोक मी पाहिलेत. नराची आई कोण, बाप कोण, हे लेखी मागा. मिळालं नाही तर जनावर कितीही देखणं असो, परत फिरा.

माझे ऑरिक्स चांगल्या घरी गेले. त्यांच्या अठरा नळ्या मात्र शेडमध्ये खुंटीला तशाच टांगलेल्या आहेत. तुम्ही ऑरिक्सच घेणार असाल तर घेऊन जा, चिकटपट्टी तेवढी नवी आणा.