नमुना अस्सल, लॉट नकली

बीटीएस७९६० चे मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटरचा वेग आणि दिशा सांभाळणारे बोर्ड, दहा-वीसच्या लॉटमध्ये मागवणार असाल तर हे आधी वाचा. मी ज्या विक्रेत्याकडून ते मागवले तो एकच नग घेणाऱ्याला फसवत नाही. एक नग तो चोख देतो, आणि सगळी गोम तिथेच आहे.

आमच्या मंडळाच्या हलत्या देखाव्याचं मोटरकाम मी हौसेनं बघतो. पुण्यातल्या पेठांमध्ये यात नवं काही नाही. गाड्यांच्या भंगारातून वायपर मोटर आणायची, तिच्या शाफ्टवर पट्टी बसवायची आणि मूर्तीचा हात, मान, घोड्याचा पाय हलवायचा. बारा व्होल्टची ब्रशवाली मोटर, आत वर्म गिअर, त्यामुळे ताकद भरपूर आणि किंमत किरकोळ. पूर्वी हे सगळं लिमिट स्विच आणि रिलेवर चालायचं. मूर्ती दचकल्यासारखी हलायची. हात सावकाश उठावा, सावकाश थांबावा असं वाटत असेल तर पीडब्ल्यूएमवर (वीज भराभर चालू-बंद करून वेग कमी-जास्त करण्याच्या पद्धतीवर) चालणारा एच-ब्रिज, म्हणजे मोटर दोन्ही दिशांना फिरवणारं सर्किट, लागतं. एल२९८एन हा असा ड्रायव्हर प्रत्येकाच्या डब्यात एखादा पडलेला असतोच, पण तो चॅनेलला २ अँपिअरचा, आणि जुन्या बायपोलर जातीचा असल्यामुळे लोडवर दोन-चार व्होल्ट स्वतःच खातो. टीबी६६१२ त्याहून शहाणा, पण त्याची मजल सरासरी १.२ अँपिअरपर्यंत. वायपर मोटर ओझ्याखाली पाच-सहा अँपिअर ओढते आणि अडकली की त्याच्या कितीतरी पट. म्हणून बीटीएस७९६०. इन्फिनिऑन या जर्मन कंपनीची ही हाफ-ब्रिज चिप, म्हणजे वर एक आणि खाली एक स्विच असलेला अर्धा एच-ब्रिज. तशा दोन चिपा आणि पाठीमागे हीटसिंक, असा तळहातात मावणारा बोर्ड मिळतो.

त्यावर '४३ अँपिअर' असं ठळक लिहिलेलं असतं. तो आकडा डेटाशीटमध्ये (कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात) आहे, पण करंट लिमिटचा आहे. म्हणजे चिप स्वतःला वाचवण्यासाठी जिथे करंट अडवायला लागते तिथला. चिपा पुढच्या बाजूला, हीटसिंक मागच्या बाजूला, मध्ये पीसीबी. अशा मांडणीतून सलग ४३ अँपिअर कुणी मागूच नयेत. मला सात-आठ हवे होते. विक्रेत्याला फोनवर हेच विचारलं तर तो म्हणाला, "सर, ४३ विसरा. दहाच्या वर जाणार असाल तर पंखा लावा." विक्रेत्याच्या तोंडून इतकं सरळ बोलणं मी क्वचितच ऐकलं आहे. भावही त्यानं पाडला नाही. असे बोर्ड बाजारात तीन-चारशेला मिळतात. याचा नऊशेच्या वर, का तर 'ओरिजिनल चिप'. 'स्वस्ताला भुलू नका' हा सल्ला इथे कुचकामी आहे. भाव चढा होता म्हणूनच तो खरा वाटला.

तरीही आधी एक नमुना मागवला. डेटाशीटप्रमाणे या चिपेत वरच्या आणि खालच्या स्विचचा मिळून रोध साधारण १६ मिलिओहम. पाच अँपिअर सोडले की चिपांमध्ये ०.०८ व्होल्ट पडायला हवेत. टर्मिनल आणि ट्रॅकचे धरून थोडे जास्त. नमुन्यावर ०.१ च्या आसपास आले. करंट किती वाहतोय ते सांगणारी आयएस पिनही बोलत होती. ही पिन लोडच्या सुमारे ८५०० व्या भागाइतका करंट बाहेर देते, त्यामुळे १ किलोओहमवर पाच अँपिअरला ०.६ व्होल्टच्या जवळपास दिसतं. तेही जुळलं. मग उरलेल्या बोर्डांचे पैसे यूपीआयनं आगाऊ पाठवले. लॉटवर आगाऊ घेण्याची त्याची अटच होती.

लॉट आला. दिसायला हुबेहूब तसाच: तीच टर्मिनल, तोच हीटसिंक, चिपांवर तीच अक्षरं. मोकळ्या मोटरवर सगळे बोर्ड फिरले. घोड्याच्या पायाला खरं वजन लावलं तेव्हा एका बोर्डातून आधी वास आणि मग धूर आला. इथेच पहिली शंका आली, कारण अस्सल चिप तापली की स्वतःला बंद करून घेते आणि इनेबल पिन खाली ओढून पुन्हा वर केल्याशिवाय सुरू होत नाही. ती रुसते, जळत नाही. दुसऱ्या बोर्डानं त्याहून वाईट केलं. त्याचा स्विच आतून शॉर्ट झाला आणि मूर्तीचा हात कोडनं थांबेना. सप्लायच काढावा लागला. देखाव्याच्या कठड्याला पोरं लटकलेली असतात, हे ज्यांनी मंडपात काम केलंय त्यांना सांगायला नको.

उरलेले बोर्ड मग त्याच पद्धतीनं मोजले. पाच अँपिअरला अर्ध्या व्होल्टच्या आसपास, म्हणजे अडीच वॉट नुसते उष्णतेत. आयएस पिन मुकी. एक चिप थिनर लावलेल्या कापसानं पुसली तर अक्षरं कापसावर उतरली, आणि खाली पॉलिश पेपरनं घासल्याच्या समांतर रेषा. कुठली तरी हलकी किंवा वापरून काढलेली चिप घासून तिच्यावर नवं नाव छापलेलं होतं. नमुन्याची चिपही तशीच पुसली. तिच्यावरचं काही हललं नाही.

विक्रेत्याला मोजमापांचे फोटो पाठवले. पहिलं उत्तर: "तुमच्या मोटरची बॉडी फ्रेमला लागली असेल." मुद्दा अगदीच पोकळ नाही. बऱ्याच वायपर मोटरांमध्ये निगेटिव्ह बॉडीलाच असतो आणि दिशा उलटी केली की लोखंडी सांगाड्यातून शॉर्ट बसतो. पण आमच्या मोटरा रबर बुशवर बसवलेल्या होत्या आणि ज्या बोर्डांना मोटर लागलीच नाही त्यांचीही मापं तशीच होती. दुसरं उत्तर: "पार्सल उघडतानाचा व्हिडिओ द्या." दिला. व्हिडिओत खोका दिसतो, चिपेच्या आतला रोध दिसत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. तिसरं उत्तर: "वायर जोडली म्हणजे माल वापरला, वापरलेला परत नाही." म्हणजे जोडल्याशिवाय कळणार नाही आणि जोडला की परत नाही! या मधल्या वेळात उत्सव अंगावर आला आणि तपकीर गल्लीतल्या, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या, ओळखीच्या दुकानातून दुसरे बोर्ड आणावे लागले. तिथे काउंटरवरच माझा मल्टिमीटर लावून दिला, दुकानदारानं कुरकुर केली नाही.

तक्रारीचं थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथून विक्रेत्याला विचारणा जाते, सक्ती होत नाही. सक्ती हवी तर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता परराज्यात असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. खोटा माल खरा म्हणून विकणं यालाही कायद्यात नाव आहे. मात्र बिल बघून ठेवा. धंद्यासाठी किंवा पुन्हा विकण्यासाठी माल घेणाऱ्याला 'ग्राहक' मानत नाहीत. पोटापाण्यासाठी स्वतः वापरणाऱ्याला सूट आहे. आमच्या बिलावर त्यानं न विचारता 'रीसेल' असं टाकलं होतं. ते मी तेव्हाच्या तेव्हा मेसेज करून बदलून घेतलं, म्हणून तक्रार उभी राहिली. नाहीतर तिथेच मोडली असती.

ओळखीतल्या एका रोबोवॉरच्या (रोबोंच्या झुंजीच्या) टीमला विचारलं तर त्यांचाही अनुभव तोच: नमुना चोख, लॉट बाद. नमुना तपासून लॉटचे पैसे देणं ही आपली सावधगिरी, आणि विक्रेत्याचा धंदा त्या सावधगिरीवरच उभा आहे. आता मी निम्मी रक्कम माल मोजून झाल्यावर देतो आणि ऑर्डर देतानाच लिहून घेतो की लॉटमधला कुठलाही नग पाच अँपिअरला ०.१५ व्होल्टच्या वर गेला तर अख्खा लॉट परत. एका विक्रेत्यानं या अटीवर फोन ठेवून दिला. दोघांनी मान्य केली आणि त्यांचा माल बरोबर निघाला.

आमच्या विक्रेत्यानं मध्यंतरी निम्मे पैसे परत करायची तयारी दाखवली, तक्रार मागे घेण्याच्या अटीवर. घेतली नाही. सध्या तो दुसऱ्या नावानं विकतो. नंबर बदललाय, पण बोर्डांचे फोटो जुनेच आहेत: हिरव्या कटिंग मॅटवर तिरपा ठेवलेला बोर्ड, शेजारी एक रुपयाचं नाणं, आणि डाव्या टर्मिनलचा एक स्क्रू अर्धा बाहेर.