सही केलेलं कॉमिक: बॅगेत, स्लॅबमध्ये की भिंतीवर?

माझ्याकडे प्लास्टिकची एक रिकामी बॅग आहे. तिच्या आतल्या बाजूला एका चित्रकाराची सही आहे, पण उलटी, आरशात दिसावी तशी. मूळ सही गुळगुळीत मुखपृष्ठावर सोनेरी मार्करने झाली होती आणि कुणाचा हात लागू नये म्हणून मी पाचच मिनिटांत अंक बॅगेत सरकवला. अर्धी शाई इकडे, अर्धी तिकडे. ती बॅग मी टाकलेली नाही. सही केलेला अंक कसा ठेवू, असं कुणी विचारलं की आधी तीच दाखवतो.

वाटा तीन. मागे पुठ्ठा घालून चांगल्या बॅगेत ठेवणं, ग्रेडिंग करून (कंपनीकडून अंकाच्या अवस्थेला दर्जा लावून घेऊन) कडक प्लास्टिकच्या सीलबंद पेटीत म्हणजे स्लॅबमध्ये घालणं, किंवा फ्रेम करून भिंतीवर लावणं. ‘जास्त सुरक्षित कुठलं?’ हा नेहमीचा प्रश्न, पण त्याचं उत्तर तुम्हाला काय जपायचंय यावर आहे. कागद, शाई, की सही खरी असल्याचा पुरावा? स्लॅब पुरावा उत्तम जपतो, कागद बऱ्यापैकी जपतो, आणि उजेडापासून शाईचं फारसं रक्षण करत नाही. हे बऱ्याच जणांना पैसे भरून झाल्यावर कळतं.

आधी पुराव्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे. सीजीसी ही ग्रेडिंग कंपनी २००० साली सुरू झाली. तिचं पिवळं, म्हणजे सही खरी असल्याचं, लेबल मिळवायचं तर सही होताना कंपनीचा साक्षीदार समोर हजर लागतो. साक्षीदार नसेल तर सही कितीही खरी असो, ‘मुखपृष्ठावर कुणीतरी लिहिलंय’ असं धरून हिरवं लेबल देण्याची त्यांची जुनी पद्धत आहे. म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर झालेली सही कागदोपत्री दोष ठरते! सीबीसीएससारख्या दुसऱ्या कंपन्या आधीच झालेली सही अक्षर तपासून प्रमाणित करतात. ते तज्ज्ञाचं मत असतं, साक्ष नव्हे. बाजारात साक्षीला वजन जास्त, हे खरंच. पण अमेरिकी कॉमिक चित्रकार जॅक कर्बी १९९४ मध्ये गेला, सीजीसी आली २००० मध्ये. त्याच्या सहीला साक्षीदार आणणार कुठून? अशा जुन्या सह्यांसाठी अक्षरतपासणी आणि अंक कुणाकडून कुणाकडे गेला याची कागदपत्रं, एवढाच आधार उरतो.

स्लॅबमध्ये न घालताही पुरावा बऱ्यापैकी बांधता येतो. सही होतानाचा फोटो काढा, ज्यात हात, पेन आणि अंक तिन्ही दिसतील. कार्यक्रमाचं तिकीट आणि पावती जपून ठेवा. हे सगळं त्याच बॅगेत पुठ्ठ्याच्या मागे ठेवायचा मोह होतो, तो टाळा. पावतीचा कागद आणि त्याची शाई अंकाला चिकटून वर्षानुवर्षं राहणं बरं नाही. वेगळ्या पाकिटात ठेवा. हा पुरावा अनोळखी गिऱ्हाइकाला पुरेल असं नाही, पण ओळखीच्या संग्राहकाला बहुतेक वेळा पुरतो.

एक छोटी गोष्ट, पण निर्णय फिरवणारी: ‘अमुकला, प्रेमपूर्वक’ असं नाव घालून सही घेतली असेल तर विकताना किंमत सहसा कमीच येते. ज्याचं नाव तोच खरा गिऱ्हाईक. अशा अंकाला स्लॅबचा खर्च करायला मी तरी सांगणार नाही.

स्लॅबचे तोटे कमी बोलले जातात. अंक पुन्हा वाचता येत नाही. पेटी फोडली की प्रमाणपत्र गेलं. प्रवासात आदळआपट झाली तर अंक आतल्या आत सरकून कोपरे आणि कणा दुखावतो. पेटी हवाबंद नसते, त्यामुळे दमट खोलीचा दमटपणा आतही पोचतो. कधी कधी आतलं प्लास्टिक अंकाला टेकलं की तेलाच्या तवंगासारखी रंगीत वर्तुळं दिसतात. ती न्यूटनची वलयं, नुसता प्रकाशाचा खेळ, अंकाला इजा नाही. पण बरोबर सहीवर आली की चिडचिड होते. विकत घेत असाल तर लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा आणि पेटीच्या कडा नीट न्याहाळा, कारण पेटी उघडून आतला अंक बदलल्याचे प्रकार झालेले आहेत.

आता बॅग. इथे मी पक्षपाती आहे, मायलरच्या बाजूने. पॉलिएथिलीन सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मऊ, काही वर्षांत ते धुरकट आणि सुरकुतलेलं दिसू लागतं. पॉलिप्रॉपिलीन जास्त स्वच्छ दिसतं, रोजच्या संग्रहाला ठीक, पण तेही अधूनमधून बदलावं लागतं. मायलर म्हणजे पॉलिएस्टरची फिल्म: कडक, काचेसारखी पारदर्शक, आणि त्यात प्लास्टिक मऊ करणारी द्रव्यं नसतात. २ आणि ४ मिल अशा जाडीत मिळतं, मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ४ मिलमध्ये अंक हातात घेतला की वाकतच नाही. पीव्हीसीला मात्र हात लावू नका. नव्या पडद्यासारखा वास येतो ना, तेच. त्यातली द्रव्यं बाहेर पडून शाईला चिकटतात. मापही बघून घ्या. जुने अंक आजच्यापेक्षा रुंद असत, आजच्या मापाच्या बॅगेत ते कोंबले की कडा मुडपतात.

पुठ्ठ्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि कागद पिवळा पडण्यात त्याचा हात असू शकतो. साधा पुठ्ठा काळाबरोबर आम्ल सोडतो. ‘आम्लमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त पुठ्ठ्याला पुष्कळदा एकाच बाजूला, गुळगुळीत बाजूला, आम्ल मारणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचा थर दिलेला असतो. ती बाजू अंकाकडे हवी. आरपार कॅल्शियम कार्बोनेट असलेला जाड पुठ्ठा मिळाला तर प्रश्नच मिटला.

आणि बॅगेची चिकटपट्टी. अंक बाहेर काढताना उघडी झडप मुखपृष्ठाला टेकते, क्षणात चिकटते, आणि तुम्ही खेचता. रंगाचा पापुद्रा पट्टीवर येतो. सहीवरून असं झालं तर दुरुस्ती नाही. बिनचिकट बॅग घ्या, झडप पुठ्ठ्यामागे दुमडा आणि चिकटपट्टी लावलीच तर मागच्या बाजूला, काढताना आधी ती पूर्ण सोलून.

भिंतीबद्दल मी कडक आहे. साधा काळा मार्कर बहुधा रंजकाच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या, शाईचा असतो आणि उजेडात उडतो. आधी कडा तपकिरी-जांभळट होतात, मग अक्षर फिकटतं. रंगद्रव्याची, म्हणजे बारीक रंगकणांची, शाई आणि पेंट मार्कर बरेच जास्त टिकतात. अतिनील किरण अडवणारी काच मदत करते, पण डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही शाई उडवतो आणि तो काच अडवत नाही. कागदावरची नाजूक चित्रं संग्रहालयं ५० लक्सच्या आसपासच्या मंद उजेडात, तेही ठरावीक काळच मांडतात. घराच्या भिंतीवर एवढा अंधार कोण ठेवणार? मुखपृष्ठाची रंगीत प्रत काढून ती फ्रेम करा, खरा अंक खोक्यात. पाहुण्यांना फरक कळत नाही. लॅमिनेशनचं तर नावच नको, उष्णता आणि गोंद परत काढता येत नाहीत.

खोक्यात अंक उभे ठेवा. फार कोंबलेले नकोत, पण मोकळेही नकोत, नाहीतर मधलेच कमरेत वाकतात. स्लॅबही उभेच. ५० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता बरी, ६५ च्या वर बुरशीला आमंत्रण. बाहेरच्या भिंतीला टेकून खोका ठेवू नका आणि जमिनीवर तर नकोच.

मग काय निवडायचं? विकायचं नक्की असेल, सही नाव न घालता घेतलेली असेल, अंकाची अवस्था उत्तम असेल आणि साक्षीदाराची सोय असेल, तर स्लॅब. यातली एखादी गोष्ट कमी पडली की मी दोनदा विचार करतो, दोन कमी पडल्या तर विचारही करत नाही. अधूनमधून हातात घ्यायचा, वाचायचा, मुलांना दाखवायचा अंक असेल तर ४ मिल मायलर आणि जाड पुठ्ठा. न्यूजप्रिंटच्या आतल्या पानावर सही असेल तर मी मायलरलाच कौल देईन. तिथे मार्करची शाई मागच्या पानावर झिरपलेली असू शकते आणि अधूनमधून उघडून ते बघणं गरजेचं असतं. आणखी सह्या घ्यायच्या बाकी असतील तरी स्लॅब थांबवा.

माझा एक अंक असाच अडकलाय. लेखकाची सही झाली, चित्रकाराची राहिलीय. तो मायलरमध्ये आहे, आणि त्याच्यासाठी एक स्वस्त बॅग वेगळी तयार आहे, जिच्या समोरच्या बाजूला सहीच्या जागेपुरती चौकोनी खिडकी कापलीय. अंक आत घालायच्या आधी कापली, हे महत्त्वाचं, नाहीतर पात्याची रेघ मुखपृष्ठावर उमटते. बॅगेसोबत काळ्या रंगद्रव्याचं एक पेनही ठेवलंय, कारण टेबलावर जो मार्कर पडलेला असतो तोच चित्रकार उचलतो. आणि या वेळी सही झाल्यावर अर्धा तास तरी अंक उघडा हातात धरून उभा राहणार आहे.